पारसचं मशीन हँग होतं

दुरुस्तीला आलेला माणूस काउंटरवर वस्तू ठेवतो आणि पहिलं वाक्य बोलतो, "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." फोन विहिरीत पडलेला असतो, लॅपटॉपवर आख्खा चहा सांडलेला असतो, तरी ते आपोआपच झालेलं असतं. मंचरच्या बाजारपेठेत पप्पांच्या कापड दुकानाचा अर्धा भाग अडवून मी मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. काय केलं ते सरळ सांगितलं तर माझा निम्मा वेळ आणि निम्मं डोकं वाचेल.

मच्छिंद्रनेही तेच केलं. "सिद्धीताई, म्या काय बी केलं न्हाई," तो म्हणाला. "आपोआपच अडकतंय."

मच्छिंद्र निरगुडसरचा. त्याचे वडील ज्योतिबा अजून मेंढरं राखतात. मच्छिंद्र शेती बघतो आणि पिकअपमधून लोकांचा माल मंचरला आणून टाकतो. माझा धाकटा भाऊ पारस आणि तो कॉलेजात एका बाकावर बसायचे. तेव्हापासून मच्छिंद्र आमच्याकडे येऊन पोहे खातो आणि पारस त्यांच्याकडे जाऊन ताक पितो.

त्याने काउंटरवर ठेवलेली वस्तू मी लगेच ओळखली. हातात धरून खेळायचा छोटा कॉम्प्युटर, मधे स्क्रीन आणि दोन्ही बाजूंना बटणं. पारसचं मशीन. नोकरीला लागल्यावर त्याने हौसेने घेतलं होतं, आणि घरात कुणी हात लावला तर त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ते आता मच्छिंद्रकडे होतं, कारण पारस आपल्या सगळ्या वस्तू वाटून टाकत होता. तो दीक्षा घेणार होता.

आम्ही जैन. आमच्यात दीक्षा घेणं म्हणजे घर, नाव, पैसा, गाडी, वीज, सगळं सोडून साधू होणं. जन्मभर अनवाणी चालायचं, दारोदार जाऊन मिळेल ते घ्यायचं, परत फिरायचं नाही. त्यासाठी घरच्यांची परवानगी लागते. मम्मी रडत रडत हो म्हणाली. पप्पांनी नुसती मान हलवली आणि दिवसभर दुकानात कापडाचे गठ्ठे लावत बसले. राहिले मी. पारसने दीक्षा देणाऱ्या महाराजसाहेबांना सांगून टाकलं होतं, "माझी दीदी मनापासून हो म्हणाली तरच मी येईन." म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर अडलेलं, आणि तो शब्द मी देत नव्हते.

का देऊ? सव्वीस वर्षांच्या मुलाला कसलं आलंय वैराग्य? मला वाटायचं, याला भुरळ पडलीये ती सत्काराची. दीक्षा घेणाऱ्याची मिरवणूक निघते, चौकात फ्लेक्स लागतात, बायका त्याच्यावर अक्षता उधळतात, कालपर्यंत ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्या पाया पडायला रांग लागते. हे मी त्याला तोंडावर म्हटलं होतं. तो म्हणाला, "असेल दीदी, तेही थोडं असेल." असं उत्तर दिल्यावर भांडण तरी कसं करायचं?

आणि खरं कारण वेगळंच होतं, तेही सांगते. माझं लग्न झालं आणि मोडलं. तिथून मला घरी आणायला पारस आला होता, तेव्हा तर तो कॉलेजात होता. सबंध रस्ताभर मी सगळा राग त्याच्यावर काढला आणि तो गाडी चालवत ऐकत राहिला. घरी आल्यावर कुणी मला काही विचारू नये, याची काळजी त्यानेच घेतली. तो गेला तर या घरात माझं असं कोण राहणार होतं?

तर मशीन. मी ते चालू केलं आणि आधी सेटिंग बघितलं. बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा पुष्कळ वर नेलेला, मेमरीचा वाढवलेला, विजेची मर्यादा शेवटच्या टोकाला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हौशी पोरं करतात. गेम जास्त सफाईने चालतो, पण मशीन तापतं आणि पुष्कळदा मधेच थिजतं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

मच्छिंद्र रस्त्यावरच्या त्याच्या पिकअपकडे बघत म्हणाला, "मला काय ठावं ताई? असंच व्हतं त्ये."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण मला तो ठेवायचाच होता. असंच होतं म्हणजे पारसनेच केलेलं. मोह सुटला म्हणून सांगणारा माझा भाऊ मशीन देऊन टाकण्याआधी त्याला आणखी पळवत बसला होता. मला इतका आनंद झाला की मी मच्छिंद्रला चहा पाजला. "ठेवून जा," म्हटलं, "बघते मी."

दुपारी पारस माझा डबा घेऊन आला. पांढरा शर्ट, पायात चप्पल नाही. आतापासूनच सवय करत होता. मी मशीन त्याच्यापुढे सरकवलं. "संसार सोडणाऱ्या माणसाला एवढा वेग कशाला लागतो रे?"

त्याने सेटिंगवर नजर टाकली. मग म्हणाला, "मी दिलं तेव्हा हे हँग होत नव्हतं."

"ते नाही विचारलं मी. वेग कुणी वाढवला?"

तो काहीच बोलला नाही. "सांग ना. आता तर तुला खोटं बोलायचीही सोय नाही," मी म्हटलं. मला चेव आला होता. "मन इथंच आहे तुझं. मी हेच सांगतेय इतके दिवस."

"मच्छिंद्रला लवकर करून दे दीदी," तो म्हणाला. "त्याला करमत नाहीये." डबा ठेवून तो उन्हात तसाच अनवाणी निघून गेला. मी त्याच्या गप्प बसण्याला कबुली धरलं. रात्रीच मम्मीला सांगणार होते, पण म्हटलं आधी मशीन नीट करू, मग पुराव्यासकट बोलू.

दुसऱ्या दिवशी मी पद्धतशीर सुरुवात केली. हँग होणाऱ्या मशीनमध्ये लोक एकदम दहा गोष्टी बदलतात आणि मग कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायची, मगच पुढची. यात चिकाटी लागते, आणि माझ्याकडे ती माणसांसाठी नसली तरी मशीनसाठी असते.

आधी सगळं कंपनीच्या मूळ वेगावर आणलं आणि एक जड गेम लावून ठेवला. मी दोन फोनच्या स्क्रीन बदलल्या तरी तो चालू होता. मंद होता, पण अडकला नाही. मग फक्त मेमरीचा वेग वाढवला. चाललं. तो परत खाली आणून फक्त प्रोसेसरचा वेग एक पायरी वर नेला. बराच वेळ ठीक चाललं आणि मग चित्र जागच्या जागी थांबलं, आवाजाचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजायला लागला, बटणं मेली. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करावं लागलं.

लगेच पुन्हा चालू केलं तर आधीपेक्षा लवकर अडकलं. निवू दिलं आणि मग चालू केलं तर पुन्हा बराच वेळ तग धरला. टेबलफॅन समोर लावला तर जेवायच्या वेळेपर्यंत चाललं. म्हणजे वेगाचा आकडा नडत नव्हता, ताप नडत होता. वेग वाढला की मशीन तापत होतं, आणि तो ताप बाहेर पडायला वाट नव्हती.

यात एक गोष्ट जुळत नव्हती. आतला पंखा जीव तोडून फिरत होता, आवाज येत होता. पण वरच्या फटींवर तळहात धरला तर हवा लागत नव्हती. पंखा फिरतोय आणि हवा बाहेर येत नाही, तर मग हवा आत जातच नसणार. मच्छिंद्रच्या घरची धूळ आणि लोकर बसली असेल असं धरून मी मागचे स्क्रू काढले.

आत, पाठीच्या झाकणाला, पंख्याच्या बरोबर समोर एक पांढरं कापड चिकटवलेलं होतं.

माझी पहिली प्रतिक्रिया शिवीची होती. पंख्याच्या तोंडाला कापड लावणारा शहाणा कोण? एवढ्या वर्षांत मी मशीनमध्ये झुरळं पाहिलीत, पालीची अंडी पाहिलीत, पण हे नाही. मी ते चिमट्याने अलगद सोडवलं. बाहेरच्या बाजूने त्यावर मेंढ्यांच्या लोकरीचा आणि मातीचा जाड थर बसला होता. झटकलं, उजेडाला धरलं. कापड दुहेरी होतं. दोरे सुटून पंख्यात जाऊ नयेत म्हणून चारी कडा बारीक टाक्यांनी दुमडून शिवलेल्या होत्या.

मग मला कळलं. आमच्या घरात नळाला असंच दुहेरी कापड बांधलेलं असतं. पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा जीव पोटात जाऊ नये, म्हणून आम्ही पाणी गाळून पितो. तेच कापड होतं ते. मशीनच्या पंख्यात एखादं चिलट ओढलं जाऊन मरू नये, म्हणून कुणीतरी हवा गाळायला बसवलं होतं. मंचर-निरगुडसरच काय, सगळ्या पुणे जिल्ह्यात हा वेडेपणा सुचेल असा एकच माणूस मला माहीत होता.

आणि त्याने ते आतून लावलं होतं. मला ते फार लागलं. बाहेरून लावलं असतं तर कुणीही विचारलं असतं, हे काय, आणि त्याला सांगता आलं असतं, जीवदया वगैरे. महाराजसाहेबांपर्यंत गोष्ट गेली असती, व्याख्यानात उदाहरण म्हणून आली असती. ज्याला सत्काराची हाव आहे, तो झाकण उघडून आतल्या बाजूला, कुणाच्या कधीच नजरेला पडणार नाही अशा जागी बारीक टाके घालत बसत नाही. मी माझ्या बाजूचं शटर अर्धं खाली ओढलं आणि डोळे पुसले. शेजारच्या काउंटरवरून पप्पांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "धूळ."

तरी वेगाचं कोडं राहिलंच होतं. एका हाताने चिलट वाचवायचं आणि दुसऱ्या हाताने मशीन पळवायचं, हे जुळत नव्हतं. मी मच्छिंद्रला फोन करून बोलावलं. तो मार्केटला माल टाकून तसाच आला, पिकअपमध्ये रिकामी क्रेट खडखडत होती. मी कापड त्याच्यापुढे ठेवलं आणि ते कुठे होतं ते सांगितलं.

कापडाला हात लावावा की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आसंल ताई," तो म्हणाला. "आमच्या पडवीत खेळत व्हतो. स्क्रीनच्या उजेडाला ही चिलटं. येक पंख्यात गेलं, टर्र करून आवाज झाला. पारसनं गेम ततंच थांबावला. म्या लई हसलो त्याला. म्हनलं, आमी जत्रंला बोकड कापतो, आन तू चिलटाला रडतोस व्हय? तो बी हसला मंग. मला वाटलं इसारला."

"आणि वेग?" मी विचारलं. "वेग कुणी वाढवला मच्छिंद्र?"

या वेळी त्याने पिकअपकडे पाहिलं नाही. "म्याच," तो म्हणाला. "व्हिडिओ बघून."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"तुमी रागावता ताई." हे खरंच होतं. मग तो म्हणाला, "त्यो गेम दोगांचा हाये. टीव्हीला जोडून मी आन पारस खेळायचो. आता दुसरा गडी मशीनच चालवतं. त्येला लई ताकद लागती, सगळं हळू व्हतं. म्हनून वाढावलं. तरी पारसवानी न्हाई खेळत त्यो."

मला त्याच्यावर चिडायचं होतं. त्याच्या एका खोट्यापायी मी माझ्या भावाला तोंडावर ढोंगी म्हटलं होतं. पण हा बिचारा एका माणसाची जागा भरायला मशीन पळवत होता, आणि तीच जागा रिकामी होऊ नये म्हणून मीही इतके दिवस अडून बसले होते. आणि पारस काल गप्प बसला होता तो मच्छिंद्रचं नाव घ्यायचं नाही म्हणून. तेवढंसुद्धा मला कळलं नव्हतं.

"आता बोल," मी म्हटलं. "कापड परत लावलं तर मूळ वेगालाच चालेल, आणि महिन्या-दोन महिन्यांनी धुवायला उघडावं लागेल. काढलं तर थोडा वेग वाढवता येईल, हँग होणार नाही."

त्याने विचार केला. मला वाटलं, आता हा कापड लावा म्हणणार.

"काढाच ताई," तो म्हणाला. "मी काय म्हाराज न्हाई व्हनार. पारसला म्हाईत हाये मी कसा हाये."

मला त्याचं ते बोलणं फार आवडलं. मी पंखा साफ केला, प्रोसेसरचा ताप ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती पुसून नवी लावली, वेग एकेक पायरी चढवत नेला आणि जिथं स्थिर राहिला त्याच्या एक पायरी खाली ठेवला. मशीन चालू राहिलं. मच्छिंद्रने काउंटरवरच थोडा वेळ खेळून बघितलं आणि दुसरा गडी कसा पळतोय ते मला दाखवलं. मग मशीन शर्टाच्या आत घालून निघून गेला. ते कापड त्याने मागितलं नाही आणि मीही दिलं नाही.

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. पारस वरच्या खोलीत होता. खोलीत आता एक चटई आणि खिडकी एवढंच उरलं होतं. मी दारातच उभी राहिले.

"उघडलं मी मशीन," मी म्हटलं.

तो चटईवर जरा बाजूला सरकला.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार?" तो म्हणाला. "तू हसली असतीस."

"हसलेच असते." मी आत जाऊन त्याच्यासमोर चटईवर बसले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. "काल मी तुला नको ते बोलले. वेग मच्छिंद्रने वाढवला होता. त्याने सांगितलं."

"त्याला रागावलीस?"

"नाही."

"कमाल आहे," पारस म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. किती दिवसांनी.

मग मी म्हटलं, "जा तू." त्याला पटकन कळलं नाही. "हो म्हणतेय मी. मनापासून म्हणतेय, पण मनापासून म्हणजे मला आवडलंय असं समजू नकोस. मला अजिबात आवडलेलं नाही. तू गेल्यावर मी रोज चिडणार आहे. पण तुझं खरं आहे, हे मला कळलं, आणि कळल्यावर तुला अडवून धरणं मला जमणार नाही."

त्याचे डोळे भरले. तो वाकला, माझ्या पाया पडायला. मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला वर ओढलं. "नको," म्हटलं, "आता थोड्या दिवसांनी मलाच तुझ्या पाया पडायचंय."

ते मी थट्टेने म्हटलं, पण म्हणताना दुसरी गोष्ट लक्षात आली. पाया पडायचं तेही लांबूनच. साधूला बाईचा स्पर्श चालत नाही. आईचा चालत नाही, बहिणीचाही नाही. लहानपणी हाच हात धरून मी त्याला शाळेत नेलं होतं, रस्ता ओलांडताना तो हिसडा मारायचा आणि मी आणखी घट्ट धरायचे. मी मनगट सोडलं नाही.

खिडकीबाहेर ऊन उतरत चाललं होतं. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतात, त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याचा घोटही नाही. पारसने हा नेम घेतल्यापासून एकदाही मोडला नव्हता. खालून मम्मीने हाक मारली, "पारस, सिद्धी, ताटं वाढलीत."

मला ऐकू आलं. त्यालाही आलं. मी हात सोडायला हवा होता आणि मी सोडला नाही.

मम्मीने पुन्हा हाक मारली. म्हणाली, "अरे, दिवस बुडतोय."

पारसने माझ्या हाताकडे पाहिलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाला, "तुम्ही जेवून घ्या, मम्मी." आणि मनगट माझ्या हातात तसंच ठेवून तो भिंतीला टेकून बसला. सूर्य मावळला. त्या रात्री आम्ही दोघं उपाशी झोपलो.